बॅटरी बदलण्याआधी: ऑफ-ग्रिड सोलरमधला दोष मीटर लावून शोधा

रात्री साडेनऊला इन्व्हर्टर टूं-टूं करून बंद पडायला लागला की घरात पहिलं वाक्य निघतं, ‘बॅटरी गेली.’ दोन वर्षांपूर्वी मोठी रक्कम घालून आणलेली जोडी भंगारात जाते, नवी येते आणि वर्षभरात तीही तशीच वागू लागते. कारण पहिली जोडी ज्या वायरिंगमुळे मेली, ते वायरिंग जागेवरच राहिलेलं असतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी सहसा एका दिवसात मरत नाही. ती रोज थोडी उपाशी राहून मरते, आणि तिला उपाशी ठेवणारा बहुतेक वेळा एखादा सैल लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), बारीक केबल किंवा चुकीचं सेटिंग असतं. म्हणून आधी मीटर, मग पाना, आणि दुकान सगळ्यात शेवटी.

इथली मापं एका नेहमीच्या घरगुती संचाची आहेत: १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन टॉल ट्यूब्युलर (उंच डब्याच्या) बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला एक जोडून, म्हणजे २४ व्होल्ट, ३३० वॅटची ७२ सेलची दोन पॅनेल, एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा), आणि २ केव्हीएचा प्युअर साइन इन्व्हर्टर. महावितरणची लाइन जिथे पोचत नाही किंवा पोचूनही उपयोगाची नसते, अशा वाड्यांवर आणि शेतघरांवर साधारण असाच संच दिसतो. तुमचा संच लहान-मोठा असेल तरी तपासणीचा क्रम तोच.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमटा लावून मोजणारा), हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी), डिस्टिल्ड वॉटर, खायचा सोडा, तारेचा ब्रश, १०० नंबरचा पॉलिश पेपर, व्हॅसलीन, आणि दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेले दोन पाने. क्लॅम्प मीटर घेताना दुकानदाराकडून नीट खात्री करून घ्या. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात. बॅटरीच्या केबलला लावले तर शून्य दाखवतात आणि माणूस भलत्याच दिशेला शोधत बसतो.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर हजारभर अँपिअर करंट वाहू शकतो. पाना लाल होतो आणि अंगठी असेल तर बोट जातं. चष्मा किंवा गॉगल लावा आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि त्या खोलीत देवाचा दिवाही नको.

उघडण्याचा क्रमही पाठ असू द्या. आधी इन्व्हर्टर बंद, मग पॅनेलचा डीसी एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) खाली, मग बॅटरी सोडवायची. जोडताना उलट: आधी कंट्रोलरला बॅटरी, नंतर पॅनेल. बॅटरी नसताना पॅनेलचा पुरवठा आला तर काही कंट्रोलर जागच्या जागी जळतात. आणि एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या केबलींना जोडणारे प्लग) भर उन्हात करंट चालू असताना कधीही ओढू नका. एसीचा आर्क (सांधा सुटताना हवेतून पेटणारी ठिणगी) सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन विझतो. डीसीला तसा शून्य नसतो, त्यामुळे तो आर्क ओढला जातो आणि जळतच राहतो.

दोष आहे की हिशेबच चुकलाय?

६६० वॅटची पॅनेल हिवाळ्या-उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी सारं नुकसान वजा जाता दोन ते सव्वादोन युनिट देतात. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या निम्म्याची तयारी ठेवावी लागते, आणि कोकणात सलग झड लागली की त्याहूनही कमी. बॅटरीत एकूण ३.६ युनिट मावतात, पण रोज त्यातलं निम्मंच वापरायचं, म्हणजे १.८.

आता खर्च मोजा. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २८ ते ३५, टीव्ही ६०. ज्याचा हिशेब कोणी धरत नाही तो खर्च खुद्द इन्व्हर्टरचा. घरात एकही दिवा चालू नसताना २ केव्हीएचा इन्व्हर्टर २०-३० वॅट खातो. २५ वॅट धरले तरी चोवीस तासांत ०.६ युनिट, म्हणजे चांगल्या दिवसाच्या कमाईतला चौथा हिस्सा. दुपारी घरात कोणी नसेल तर इन्व्हर्टर बंद ठेवणं किंवा रात्रीचे दोन-तीन दिवे थेट डीसीवर घेणं, याने जितका फरक पडतो तितका नव्या बॅटरीनेही पडत नाही.

जमाखर्च जुळत असूनही बॅकअप मिळत नसेल, तर मात्र पुढे चला.

बॅटरीची परीक्षा

पहाटे, ऊन पडायच्या आधी, पॅनेल आणि लोड दोन्ही बंद करून तीन-चार तास विसावलेल्या बॅटरीचं व्होल्टेज घ्या. दोन्ही बॅटऱ्यांचं वेगवेगळं. २४ व्होल्टचा एकत्र आकडा फसवा असतो: २४.४ दिसलं म्हणून समाधान मानाल, पण ते १२.६ आणि ११.८ मिळूनही होतं.

सगळीकडे ‘फुल बॅटरी म्हणजे १२.७’ असा तक्ता फिरतो. तो गाडीच्या बॅटरीचा आहे. सेलचं विसावलेलं व्होल्टेज ढोबळमानाने अ‍ॅसिडची घनता अधिक ०.८४ इतकं असतं. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी ट्यूब्युलर बॅटरीत अ‍ॅसिड मुद्दाम सौम्य ठेवतात. पूर्ण चार्जला घनता १.२४० च्या आसपास. म्हणजे सेलला २.०८ आणि सहा सेलला साधारण १२.५ व्होल्ट. चांगल्या ट्यूब्युलर बॅटरीवर १२.५ दिसलं म्हणून ती अर्धी रिकामी ठरवू नका. १२.१५ च्या आसपास ती अर्ध्यावर आलेली असते, आणि सकाळी रोजच ११.९ च्या खाली सापडत असेल तर तिची उपासमार चालू आहे.

खरी परीक्षा हायड्रोमीटरची. बाराही सेल तपासा आणि आकडे वहीत लिहा. पाणी नुकतंच घातलं असेल तर त्या दिवशी मोजू नका. नवं पाणी वर तरंगतं आणि हायड्रोमीटर वरचंच ओढतो. चार्जिंगने तासभर बुडबुडे येऊन मिसळल्यावरच आकडा खरा. तापमानाचाही फरक पडतो: २७ अंशांच्या वर दर १० अंशांना ०.००७ मिळवायचे. मे महिन्यात ३७ अंशांच्या अ‍ॅसिडवर १.२२३ आलं तर ते १.२३० समजा.

बाराही सेल १.१७० किंवा १.१८० असे एकसारखे खाली असतील तर ती चांगली बातमी आहे. बॅटरी बिघडलेली नाही, भुकेली आहे. पाच सेल १.२२० आणि एकच १.१२० असेल तर तो सेल बाद होत चालला आहे. सेलांमध्ये ०.०३० पेक्षा जास्त अंतर पडलं की इक्वलायझेशन (ठरवून जास्त व्होल्टेजवर चार्ज करून सगळे सेल एका पातळीला आणणं) करायचं, आणि नंतरही अंतर तेवढंच राहिलं तर त्या बॅटरीवर आणखी पैसे घालू नयेत. अ‍ॅसिड काळपट-तपकिरी येत असेल तर प्लेटांतला माल सुटून खाली बसतो आहे. त्याला इलाज नाही.

आता चार्ज होताना मोजा. दुपारी बॅटऱ्या जवळपास भरल्यावर कंट्रोलर २८.८ व्होल्टवर थांबतो. तेव्हा प्रत्येकीवर १४.४ हवेत. १४.३ आणि १४.५ चालेल. १३.६ आणि १५.२ असेल तर जोडीचा तोल गेला आहे. यात धडधाकट बॅटरीच बदलण्याची चूक सर्रास होते, म्हणून जरा थांबून बघा. बुडबुडणारी, तापलेली, सारखं पाणी मागणारी बॅटरी वाईट दिसते आणि तीच उचलली जाते. प्रत्यक्षात शेजारणीचा एक सेल शॉर्ट झालेला असतो. ती दोन व्होल्ट कमी घेते, ते सगळे हिच्या वाट्याला येतात, आणि ही बिचारी ओव्हरचार्ज होऊन उकळते. चार्जिंगमध्येही कमी आणि लोडवरही कमी, ती शॉर्ट सेलची. चार्जिंगला लगेच उड्या मारून १५ च्या वर जाणारी आणि लोड दिला की कोसळणारी, ती सल्फेट झालेली (प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसलेली), नाहीतर तिच्या आतला सांधा तुटलेला.

मग लोडवरची चाचणी. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, पॅनेल बंद करा आणि डीसी बाजूला १५ अँपिअर येईल इतका लोड टाका. तीनशे-सव्वातीनशे वॅट पुरतात: चार पंखे चालतील किंवा १०० वॅटचे तीन पिवळे बल्ब. क्लॅम्पने करंट बघा आणि दर अर्ध्या तासाला दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज लिहा. १५० एएच हे सी-१० चं माप आहे, म्हणजे १५ अँपिअरने दहा तास, १०.८ व्होल्टला येईपर्यंत. आपण पाच तासांतच थांबायचं. निरोगी बॅटरी तेव्हा लोडवरही ११.७ च्या वर असते. पाच तासांच्या आतच एखादी १०.८ ला आली तर तिची क्षमता निम्म्याहून कमी उरली आहे. चाचणी तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी पुन्हा चार्जला लावा. रिकामी बॅटरी रात्रभर ठेवली की सल्फेट घट्ट बसतं. बॅटरीवर सी-२० लिहिलेलं असेल तर ती शहरातल्या कधीमधी जाणाऱ्या विजेसाठीची इन्व्हर्टर बॅटरी आहे. तिचे १५० एएच वीस तासांचे असतात, त्यामुळे या चाचणीत ती थोडी कमी भरणारच.

भुकेल्या बॅटरीचं पथ्य

एकसारखी खाली आलेली घनता परत वर आणता येते. सलग दोन-तीन उन्हाचे दिवस लोड कमी ठेवून बॅटऱ्या रोज पूर्ण भरू द्या. नंतर इक्वलायझेशन: प्रत्येकीला १५ ते १५.५ व्होल्ट, म्हणजे जोडीला ३० ते ३१, दोन ते तीन तास. नेमका आकडा बॅटरीच्या पुस्तिकेतून घ्या. इन्व्हर्टर आणि डीसीवरचे दिवे आधी सोडवा. २४ व्होल्टचा एलईडी ड्रायव्हर ३१ ला जळू शकतो. सुरू करण्याआधी प्लेटा पाण्याखाली आहेत ना बघा, झाकणं जागेवर ठेवा आणि दर अर्ध्या तासाला घनता घ्या. लागोपाठ तीन वेळा आकडा वाढला नाही की काम झालं. बॅटरी ४५ अंशांच्या पुढे तापली तर थांबा. एसएमएफ (सीलबंद), जेल आणि लिथियम बॅटरीला इक्वलायझेशन कधीच करायचं नाही.

टॉल ट्यूब्युलरला याची गरज इतरांपेक्षा जास्त असते. डबा उंच असल्याने जड अ‍ॅसिड तळाशी बसतं, वर पातळ राहतं, आणि प्लेटांचा खालचा भाग लवकर सल्फेट होतो. बुडबुड्यांनी ते ढवळून निघतं. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, एवढं तरी व्हावंच.

पाण्याबद्दल एवढंच: फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि शक्यतो चार्ज पूर्ण झाल्यावर. आधी वरपर्यंत भरलं तर चार्जिंगला पातळी चढून अ‍ॅसिड बाहेर येतं. आरओचं, विहिरीचं किंवा पागोळीचं पाणी नको. त्यातलं लोह आणि क्लोरीन प्लेटांना घातक ठरतं. घनता कमी आहे म्हणून वरून अ‍ॅसिड ओतणं हा तर बॅटरी मारण्याचा खात्रीचा मार्ग. अ‍ॅसिड कुठे गेलेलं नसतं, सल्फेट होऊन प्लेटांत अडकलेलं असतं.

वायरिंग: खरा चोर इथे सापडतो

सांधे डोळ्यांनी तपासणं पुरेसं नाही. बाहेरून चकचकीत दिसणारा लग आतून सैल असतो, आणि करंट वाहत नसताना मीटरही काही सांगत नाही. म्हणून भरपूर लोड टाकून मोजायचं.

१००० वॅटची इस्त्री चालू करा. २४ व्होल्टला साधारण ४७ अँपिअर वाहतील. आधी दोन्ही टोकांच्या बॅटरी पोलवर, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज घ्या. फरक ०.३ व्होल्टच्या आत हवा. एक व्होल्टचा फरक आला, म्हणजे वाटेत कुठेतरी ४७ वॅट उष्णता होते आहे: एका सांध्यात सोल्डरिंगची इस्त्री चालू ठेवल्यासारखं. बॅटरी २२ व्होल्टवर असताना इन्व्हर्टरला २१ दिसतात आणि तो लो बॅटरी म्हणून बंद होतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा मिक्सर सुरू होताना क्षणभर करंट कितीतरी पट होतो, तेव्हा तर ही घट आणखी वाढते. ‘फ्रिज लागला की इन्व्हर्टर ट्रिप होतो’ ही तक्रार बहुधा इथली.

नेमकी जागा शोधायला मीटर मिलिव्होल्टवर घ्या. एक टोक थेट शिशाच्या पोलवर, दुसरं त्यावरच्या लगवर. चांगल्या सांध्यावर १०-२० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसत नाही. मग लग आणि केबलची तांब्याची तार, मग फ्यूजच्या दोन बाजू, मग दोन बॅटऱ्यांना जोडणारी छोटी लिंक. ही लिंक कोणी बघत नाही. संचातला सगळा करंट तिच्यातून जातो आणि नेमकी तीच उरलेल्या तुकड्यातून बनवलेली असते. इस्त्री दहा मिनिटं चालल्यावर ती बंद करून हाताच्या मागच्या बाजूने एकेक सांधा चाचपा. केबलपेक्षा सांधा गरम लागला की तोच गुन्हेगार.

दोष सापडला की सांधा पूर्ण उघडा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर सेलची झाकणं घट्ट आहेत याची खात्री करून, ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा विरघळवा आणि ब्रशने घासा. फेस थांबेपर्यंत घासत राहा. सोडा सेलच्या आत मात्र थेंबभरही जाता कामा नये. स्वच्छ पाण्याने पुसा, कोरडं करा, शिसं आणि लग दोन्ही पॉलिश पेपरने चमकवा. जोडताना लग थेट शिशाला भिडला पाहिजे. बरेच जण लगच्या खाली स्टीलचा वॉशर घालतात आणि सगळा करंट त्या पातळ वॉशरमधून न्यायला लावतात. वॉशर वर, नटच्या बाजूला. शिसं मऊ असतं, त्यामुळे लहान पान्याने मनगटाच्या जोराने आवळा. दंड लावला तर पोल आतून हलतो. व्हॅसलीन आवळून झाल्यावर बाहेरून. दोन आठवड्यांनी एकदा परत आवळा, कारण शिसं दाबाखाली बसतं.

लग हातोडीने ठोकून बसवलेला असेल तर तो कापून टाका. हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल तालुक्याच्या गावी केबल विकणाऱ्याकडे किंवा पॅनेल बोर्ड बांधणाऱ्याकडे मिळतं. केबल घेतानाच लांबी सांगून लग तिथेच दाबून आणा. आणि केबल घेताना एक तार खरवडून बघा. वरून तांबूस, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे. तिचा रोध जास्त, आणि खाऱ्या दमट हवेत ती सांध्यापाशी पिठासारखी होते.

केबलची जाडी मोजूनच ठरवा. तांब्याचा रोध काढायला ०.०१७५ गुणिले जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, भागिले जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. इन्व्हर्टर दीड मीटरवर, म्हणजे एकूण ३ मीटर. २५ चौ.मिमी.ला रोध ०.००२१ ओहम, ८० अँपिअरला ०.१७ व्होल्ट पडतात. तिथेच १० चौ.मिमी. वापरली तर ०.४२. या संचाला इन्व्हर्टरसाठी २५ चौ.मिमी.पेक्षा कमी नको. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १०० अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. तो इन्व्हर्टरला नाही, केबलला वाचवायला असतो.

आता तो दोष, ज्यामुळे जोड्यामागून जोड्या मरतात. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत ४ चौ.मिमी.ची सोलर केबल येते आणि बसवणारा तीच पुढे कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत नेतो. बॅटरी तीन मीटरवर, म्हणजे एकूण ६ मीटर. रोध ०.०२६ ओहम. दुपारी २० अँपिअर चार्जिंगला ०.५२ व्होल्ट वाटेतच पडतात, एखादा कच्चा सांधा धरून पाऊण व्होल्ट. कंट्रोलरला त्याच्या टर्मिनलवर २८.८ दिसतात, बॅटरीवर प्रत्यक्षात २८.१ असतात. कंट्रोलर समजतो भरत आली, आणि करंट कमी करायला लागतो. करंट घटेल तशी ही घट कमी होते हे खरं, पण अनेक कंट्रोलरमध्ये शेवटच्या टप्प्याचं दोन तासांचं घड्याळ २८.८ दिसल्याक्षणी सुरू होतं. दोन तास संपतात, तो फ्लोटला (भरलेली बॅटरी नुसती राखणाऱ्या कमी व्होल्टेजला) जातो, आणि बॅटरी रोज आठ-दहा टक्के रिकामी राहते. सहा महिन्यांत सल्फेट घट्ट होतं. बिघाड बॅटरीत दिसतो, पण जन्मतो त्या तीन मीटर केबलमध्ये. इथे १६ चौ.मिमी. टाका आणि अंतर शक्य तितकं कमी करा. तपासायला सोपं आहे: सकाळी दहा-अकराला करंट भरपूर असताना कंट्रोलरच्या टर्मिनलवर आणि बॅटरीच्या पोलवर एकापाठोपाठ मोजा. ०.१५ पेक्षा जास्त फरक नको.

पॅनेलची बाजू

कंट्रोलरवर २-३ अँपिअरच दिसतात म्हणून पॅनेलवर चढण्याआधी बॅटरी भरली आहे का बघा. भरलेली बॅटरी करंट घेत नाही, आणि एमपीपीटी तेवढाच देतो. लोड टाकून बघा. करंट वाढला तर पॅनेल ठीक आहेत.

नाही वाढला तर एमसीबी खाली करा आणि प्रत्येक पॅनेलचं मोकळं, म्हणजे काहीही न जोडलेलं व्होल्टेज घ्या. ७२ सेलच्या ३३० वॅट पॅनेलवर लेबल ४६ व्होल्ट सांगतं, पण तापलेल्या पत्र्यावर ४१ च्या आसपास येतं. तो दोष नाही. २७-२८ आलं तर एक बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारा सुटा भाग) शॉर्ट होऊन पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पडला आहे. व्होल्टेज बरोबर आणि करंट कमी, तर धूळ, पक्ष्यांची विष्ठा किंवा सावली. माडाच्या एका झावळीची सावलीही त्या ओळीचे सगळे सेल अडवते.

सिरीजमध्ये जोडताना थंडी लक्षात ठेवा. दोन पॅनेलचे ९२ व्होल्ट १०० व्होल्टच्या कंट्रोलरला चालतात असं वाटतं, पण निफाडकडे जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो आणि तेच ९७ च्या जवळ जातात. १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्या किंवा पॅनेल पॅरलल करा. पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेल जवळपास थेट बॅटरीला जोडणारा साधा प्रकार) असेल तर उलटी अडचण: ६० सेलचं पॅनेल उन्हात तापून २७ व्होल्टवर येतं, आणि २८.८ ला पोचायचं असलेली २४ व्होल्टची जोडी कधीच पूर्ण भरत नाही. तिथे ७२ सेलचंच हवं.

पॅनेलच्या लाइनवर घरचा साधा एसी एमसीबी बसवलेला सापडतो. तो बदला. डीसी एमसीबीला प्लस-मायनस खुणा असतात. उलटा जोडला तर तोही आर्क विझवू शकत नाही. एमसी-४ कनेक्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत घातलेले असतील तर तेही कापून एकाच कंपनीचे टाका. बसतात व्यवस्थित, पण आतला संपर्क अपुरा राहतो आणि काही महिन्यांत प्लास्टिक वितळतं.

पावसाळ्यानंतर छतावरची केबल हातात धरून टोकापर्यंत तपासा. खारी आणि उंदीर सोलतात, वानरं उड्या मारून क्लिपा तोडतात, कंट्रोलरच्या डब्यात मुंग्या माती भरतात. केबल डब्यात वरून सरळ न घालता खाली एक झोळ देऊन खालून घ्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जातं.

सेटिंग बघायला पाच मिनिटं

कंट्रोलरने बॅटरी १२ ची की २४ ची हे स्वतः ओळखायचं असतं. बॅटरी फार खाली गेलेली असताना तो जोडला तर २४ ची जोडी १२ ची समजू शकतो. आपोआप न ठेवता २४ ठरवून टाका. बॅटरीचा प्रकार ‘फ्लडेड’ (पाणी घालावं लागणारी) ठेवा; ‘जेल’वर राहिला तर बॅटरी अर्धपोटी राहते. प्रत्येक बॅटरीसाठी चार्ज १४.४ ते १४.८, फ्लोट १३.५ ते १३.८. तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा. खोलीतल्या हवेत लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही. इन्व्हर्टरचा कट-ऑफ बदलता येत असेल तर बॅटरीला १०.५ ऐवजी ११.३ ते ११.५ करा. रात्री तासभर लवकर अंधार होईल, पण बॅटरी वर्ष-दोन वर्षं जास्त टिकेल.

लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर व्होल्टेजवरून चार्ज ओळखू नका; तिचा आलेख मधल्या भागात जवळपास सपाट असतो. मीटरवर अचानक शून्य आलं तर बॅटरी मेली असं नाही. आतल्या बीएमएसने (सेलांचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) दार लावून घेतलं आहे. लोड सोडवा, लिथियमचं सेटिंग असलेला चार्जर लावा, बहुतेक वेळा ती जागी होते. पुन्हा पुन्हा बंद पडली तर कारण सेलांच्या असमतोलात किंवा इन्व्हर्टर सुरू होतानाच्या झटक्यात शोधा.

बॅटरी खरोखरच बाद ठरली तर

दोन वर्षांच्या आतली जोडी असेल आणि एकच बॅटरी वॉरंटीत बदलून मिळत असेल तर घ्या. त्यापुढे जुनी-नवी जोडी लावू नका. जुनी आधी रिकामी होते, उशिरा भरते आणि नवीलाही बरोबर ओढते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या घ्या. एकीचं वजन ५० किलोच्या वर असतं, उचलायला दोन माणसं लागतात. तिरकी करू नका. जुनी बॅटरी दुकानदाराकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या अधिकृत मार्गानेच परत जायला हव्यात, आणि शिशाच्या वजनाचे पैसेही वजा होऊन मिळतात. अंगणात अ‍ॅसिड ओतून शिसं वेगळं विकू नका. अ‍ॅसिडबरोबर सांडलेलं शिसं मातीत राहतं आणि तिथेच पोरं खेळतात.

नवी जोडी लावण्याआधी केबल, लग, फ्यूज आणि सेटिंग वर सांगितल्याप्रमाणे दुरुस्त झालेली असली पाहिजेत. मग पूर्ण चार्ज झाल्यावर बाराही सेलची घनता, दोन्हींचं विसावलेलं व्होल्टेज आणि इस्त्री लावून आलेला केबलचा फरक, हे आकडे तारखेसह कागदावर लिहून तो कागद बॅटरीच्या वरच्या भिंतीला चिकटवा. पुढच्या तपासणीला आकडे याच कागदाशी ताडून बघायचे आहेत.